नऊ नंबरचा चाळा

पिवळ्या रेकॉर्डरच्या पाठीवर काजळीचा अंगठा.

भिवंडीहून आलेल्या एका फाइलचं नाव : बासरी फायनल फायनल खरंच फायनल.

वांगणीत रेंज नाही. टेकडीवरच्या आंब्याखाली उभं राहिलं तर एक काडी मिळते.

‘आजाचा चाळा वर ठेवलाय.’ – फागी, २ जुलै, सकाळी ११.४०. खाली हेमंतने दाखवलेला अंगठा.

‘एक तर तो चौदा मिनिटांचा तारपा कापा, नाहीतर माझं गाणं वगळा.’ – प्रतिक्षा, त्याच दुपारी.

चंदनाताईंनी हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “आता रडगाणं बंद. काय हरवलंय ते सांग.”

हेमंतचं जव्हारला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत चंदनाताईंची ‘खाजगी तपास’ ही पाटी. पळालेले नवरदेव आणि सातबाऱ्यावरची बनावट नावं शोधण्यात त्यांची हयात गेली होती. हेमंतसारखा वैतागलेला अशील मात्र त्यांनी पाहिला नव्हता.

“ताई, आमचा ‘फुंकर’ नावाचा ऑनलाइन गट आहे. हौशी वाजवणारे, बारा जण. प्रत्येकाचा एक तुकडा घेऊन सीडी काढायची.”

“आजच्या काळात सीडी?”

“खोडाळ्याच्या रस्त्याला जीपमध्ये सीडीच वाजते. मोबाइल चालवायला रेंज कुठाय? पंधरा ऑगस्टला खोडाळ्याच्या बाजारात प्रकाशन. उद्या दुपारपर्यंत नाशिकच्या सीडी छापणाऱ्या दुकानात सगळं पोचवायचंय. अकरा गाणी आहेत. नऊ नंबरचं गायब!”

नऊ नंबर म्हणजे जिवाआजाचा तारपा. तारपा या भोपळ्याच्या फुंकवाद्यावरच्या सुरावटीला चाळा म्हणतात, आणि हा चाळा वांगणीचा जिवा सोडून आता कुणालाच येत नव्हता. जानेवारीत गटातल्या धनेशने तो रेकॉर्ड केला. मार्चमध्ये जिवाला दम्याने धरलं. भोपळ्यात फुंकायला छातीत वारा उरला नाही. दुसरी प्रत नव्हती.

“ड्राइव्हवर मी ‘नऊ – जिवा’ फोल्डर केला होता. आज उघडला तर रिकामा! रेकॉर्डर परत आलाय, त्यातही मेमरी कार्ड नाही. प्रतिक्षाने उडवलं. तिला तारपा आधीपासून खुपतोय.”

“कचरापेटी दाखव.”

हेमंतने फोन पुढे केला. आत चार फाइली होत्या. चारही भिवंडीच्या उमेशच्या, चारही फायनल.

“तीस दिवसांतलं पुसलेलं इथे राहतं ना? आज तारीख?”

“अकरा जुलै.”

“हं,” ताई म्हणाल्या. त्या ‘हं’चा अर्थ हेमंतला कळला नाही. त्याने सवयीप्रमाणे मान हलवली.

प्रतिक्षा मोखाड्याच्या शाळेत शिकवायची आणि सगळ्यांचे आवाज सारखे करून द्यायची. ती आधीच तापलेली होती.

“मी? मी चोर? हेमंतदादा, उमेशच्या बासरीतला कुकरचा आवाज काढायला मी चार दिवस घालवले! तुमच्या पेटीची एक पट्टी बेसूर आहे, ते कुणाला सांगितलं नाही मी!”

“आता सांगितलंस की,” हेमंत कळवळला.

“तारपा लांब आहे, एवढंच मी म्हणाले. तो मी ऐकलेलाच नाही. तुम्हीच लिहिलंत, चौदा मिनिटं. माझ्याकडे आलाच कुठे?” म्हणत ती त्यांच्याबरोबर खोडाळ्याला निघाली.

धनेश खोडाळ्याच्या बाजारात जीपच्या बॉनेटवर बसून माउथ ऑर्गन पुसत होता.

“कार्ड विकलंस ना?” हेमंतने सुरुवातच तिथून केली.

“दीडशे रुपड्यांचं कार्ड विकून मी बंगला बांधू काय, शेठ? जानेवारीत रेकॉर्ड केलं नि सगळं फागीकडे दिलं. ती वीटभट्टीवर गेली. जूनमधी आली. पेरण्या आटोपल्या नि रेकॉर्डर माझ्या हाती धाडला. खोका रिकामा. मी काय उघडून बघतो?”

चंदनाताईंनी पिवळा रेकॉर्डर उलटा केला. “तू कशावर स्वयंपाक करतोस रे?”

“गॅसवर. का?”

“आणि फागीने गटावर आजवर किती फोटो टाकले?”

हेमंतने आठवून पाहिलं. “एकही नाही. फोटो जातच नाही म्हणते तिथून.”

“चला वांगणीला. प्रतिक्षा, तूही चल. तुझ्यावर आळ आहे.”

जीप चिखलात दोनदा रुतली. दोन्ही वेळा हेमंत ढकलायला उतरला आणि दोन्ही वेळा मागच्या चाकाचा चिखल त्याच्यावरच उडाला. रेंज होती तोवर नाशिकच्या दुकानातून तीन फोन येऊन गेले. उमेशने ‘बासरी फायनल ५’ पाठवली.

जिवाआजा उंबऱ्याशी बसला होता. प्रत्येक वाक्याला त्याला दोनदा थांबावं लागत होतं. नात फागी चुलीपुढून उठली, हात पदराला पुसून तिने पाणी दिलं. पुढच्या खाचरात भाताची रोपं उभी होती. भिंतीवर एक मोठी खुंटी, तिच्याभोवती भिंत जरा उजळ. खुंटीवर काही नव्हतं.

चंदनाताई पाणी प्यायल्या. “हेमंत, चोरी झालेलीच नाही.”

“म्हणजे?”

“फाइल पुसली असती तर कचरापेटीत दिसली असती. दिसली नाही, कारण ती ड्राइव्हवर कधी आलीच नाही. रिकामा फोल्डर तूच केलास आणि तूच दचकलास. प्रतिक्षा सुटली.”

“पण फागीने लिहिलंय, वर ठेवलाय!”

“जिथून एक फोटो जात नाही, तिथून चौदा मिनिटांचा चाळा जाईल? आंब्याखालच्या एका काडीवर निरोप जातो, एवढंच. मग कार्ड. रेकॉर्डरवर काजळीचा अंगठा आहे. धनेशकडे गॅस. काजळी या घरातली. म्हणजे कार्ड काढलं ते इथे. आणि ती खुंटी बघ. तारपा तिथे टांगलेला असायचा, आज नाही.” त्या फागीकडे वळल्या. “पोरी, वर म्हणजे कुठं?”

फागीने आश्चर्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग बोट उचलून चुलीवरचा धुराने काळा झालेला माळा दाखवला.

“वर.”

माळ्यावर फडक्यात बांधलेला तारपा होता. भोपळ्याच्या गळ्याला प्लास्टिकची छोटी पुडी.

“शेतात रोपं असली म्हंजी तारपा वाजवीत नाय,” फागी म्हणाली. “वर ठेवतात. नवा भात झाला का खाली. आजा बोलला, त्या डबीतबी तारपाच हाय, तो पण वर ठेव. मी तं लिवलेलं. दादानं अंगठा दिला ना!”

धनेश एवढा हसला की जिवाआजालाही हसू फुटून खोकला आला. हेमंतने डोक्याला हात लावला. गेला महिनाभर ‘फाइल वर टाका, वर टाका’ असं बारा जणांच्या मागे लागून त्याचा घसा बसला होता. एकीनेच ऐकलं होतं.

“बरं, आजा, कार्ड द्या. फक्त कॉपी करतो. वाजवत नाही.”

“वर ठेवलेला... मधीच काढीत नाय,” जिवा म्हणाला. “माझा वारा... तेवढाच हाय आता. त्यो कशाला... बाटवतोस?”

“अहो, पण आत आवाज आलाय की नाही ते तरी बघू द्या! धनेशचा काय भरवसा?”

“नव्या भाताला... कळंल.”

उद्या दुपारची मुदत. नाशिकचं दुकान. हेमंतने माळ्याकडे पाहिलं, खाचराकडे पाहिलं. अकरा जण आपल्याला काय काय म्हणतील याची यादी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. मग तो टेकडीवरच्या आंब्याखाली गेला आणि दुकानाला फोन लावला.

“हॅलो. हो, हेमंतच. सीडी थांबवा. नाही, अकराची नको, बाराचीच. कधी? भात कापून झाल्यावर. अहो, तारीख मला काय माहीत? भाताला विचारा!”

तो खाली आला. फागीने माळ्याची फळी नीट सरकवली.

“फी?” जीपमध्ये त्याने वैतागून विचारलं.

“एक सीडी,” चंदनाताई म्हणाल्या. “वाजली तर.”

जानेवारीत धनेश पहिल्या खेपेला बटन दाबायला विसरला होता. जिवाने तोंड पुसलं आणि तोच चाळा पहिल्यापासून पुन्हा वाजवला, चौदा मिनिटं. या खेपेला रेकॉर्डरचा लाल दिवा लागलेला होता.