दात आंबवणारी वाइन

सकाळी सातलाच फोन खणखणला. "ताबडतोब या! माझ्या वाइनमध्ये पाणी घातलंय!"

नेलिदा किरोगा कपाळ चोळत उठली. सरकारी वाइन तपासनीस म्हणून तिचं हे बाविसावं वर्ष. जून म्हणजे मेंदोसात ऐन हिवाळा, त्यात दुखरे गुडघे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, मेली सरता सरेनात.

लुनलुंता गावच्या द्राक्षमळ्यावर मालक सातुर्निनो काठी टेकून वाटच बघत होते. "हा इलारियो! एकतीस वर्षं तळघराच्या किल्ल्या याच्याकडे. मार्च-एप्रिल मी दवाखान्यात पडलो आणि यानं डाव साधला. आज सामान बांधायला सांगितलंय त्याला."

म्हातारा इलारियो बाजूला उभा होता. किल्ल्या मुठीत घट्ट धरलेल्या.

नेलिदानं पिंपातली वाइन चाखली. पातळ, दम नसलेली. पण जिभेला झिणझिण्या आल्या, दात आंबले.

"तोडणी कधी झाली?"

"एप्रिलमध्ये, नेहमीसारखी," मालकांचा मुलगा लेआंद्रो पटकन म्हणाला. "मीच उभा राहून करवली."

"वेलांवरच्या जाळ्या एवढ्या कशानं फाटल्या?"

"गेल्या वर्षीच्या गारांनी. सगळा माल गेला होता, बाई." त्याचा आवाज उतरला.

मागच्या अंगणात द्राक्षांच्या चोथ्याचा ढीग होता. तिनं आतला ओला चोथा उकरून एक बी चावली. चिवट लागली. ती थुंकून, आणखी एक बी मुठीत घेऊन परत आली.

"मालक, पाणी घातलं असतं तर आंबटपणाही कमी झाला असता. ही तर दात आंबवतेय. पिकल्या द्राक्षाची बी तपकिरी असते, कडकन फुटते. ही बघा, हिरवट. तोडणी महिनाभर आधी झालीय. द्राक्षांत साखरच भरली नाही, मग वाइनमध्ये दम कुठून येणार? काय रे लेआंद्रो?"

लेआंद्रो बापाजवळ गेला. "मार्चमध्येच काळे ढग आले, बाबा. परत गारा पडतील म्हणून घाबरलो. नंतर सांगायची हिंमत झाली नाही."

"आणि या म्हाताऱ्यावर आळ येऊ दिलास!" नेलिदाला ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

मालक वळले. "इलारियो, तुला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीस?"

इलारियोनं किल्ल्या पिंपावर ठेवल्या. "एकतीस वर्षं वाइनचं काय बिनसलं ते तुम्ही आधी मला विचारायचात, मालक. या खेपेला विचारलं नाहीत. सामान बांधायला सांगितलंत."

दाराशी बोचकं बांधून तयारच होतं. त्यानं ते उचललं आणि तो चालू लागला.