झबल्याचं माप

टेप चिमीच्या पोटाभोवती फिरला आणि सासूबाईंनी आकडा पुन्हा पुन्हा वाचला! आयुष्यभर लोकांचे कपडे शिवणारे त्यांचे हात जागच्या जागी थिजले. सात महिन्यांच्या नातीचं झबलं दर महिन्याला पोटावर सैल करावं लागत होतं, खांद्याला मात्र सूतभरही नाही... हातापायांच्या काड्या, मान अजून धरत नाही, आणि पोट तेवढं टम्म!

असं माप त्यांनी पूर्वी एकदा घेतलं होतं. स्वतःच्या पहिल्या लेकीचं.

ती दीड वर्षाची असताना वारली, तेव्हा "हिचंच दूध बाधलं" म्हणत घराने सारं खापर त्यांच्यावर फोडलं. नवऱ्याने तर विषयच बंद केला. मागून झालेल्या मुलालाही हे कधी कळलं नाही.

आणि आता तोच मुलगा बायकोला म्हणत होता, "तुझं दूधच अंगी लागत नाही तिला!" अन् सासूबाई तोंडातून ब्र काढत नव्हत्या! गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट विचारलं होतं, "घरात पूर्वी एखादं तान्हं मूल गेलंय का?" तेव्हा त्यांनीच चटकन कानांवर हात ठेवले होते, "छे हो, आमच्याकडे असलं काही नाही." सून त्यांच्याच माहेरच्या नात्यातली, त्यांनीच हट्टाने आणलेली, सगळे आपल्याला बोल लावतील, या भयाने... केवढं ते पातक!

मशीनवरचं काम तसंच टाकून त्या आत गेल्या. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस तिने बाळाला अंगावर घेतलं नव्हतं.

"ऊठ बाळा, दवाखान्यात जायचंय. मी खोटं बोलले होते."

डॉक्टरीणबाईंनी सारं ऐकून घेतलं, पोट पुन्हा चाचपलं, डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. दहा दिवसांनी तिघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "चरबी पचवणारा एक घटक हिच्या शरीरात तयारच होत नाही. मग ती साठत जाते, यकृतात, प्लीहेत, मेंदूत. हा दोष आई आणि वडील, दोघांकडून मिळून येतो. दुधाचा काडीचाही संबंध नाही."

"औषध?" मुलाने विचारलं.

"या आजारावर नाही."

घरी येताच सासूबाईंनी सुनेपुढे हात जोडले. "पोरी, मी स्वतः त्या आगीत होरपळले... आणि तुला जळताना नुसती बघत राहिले गं! मला क्षमा करू नकोस."

सुनेने त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. चिमी तिच्या मांडीवर होती.

"पुढं कसं कसं होतं," ती म्हणाली, "ते या घरात तुम्हालाच ठाऊक आहे ना? मग मला सांगत राहा, आई... मला एकटीला नाही हो जमायचं!"

सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या तिला खेटून बसल्या आणि चिमीच्या मानेखाली हात घातला.

"डोकं जरा उंच धर," त्या म्हणाल्या. "पोटाचा भार छातीवर येत नाही मग. माझीला अशीच झोप लागायची."