पेशंटची डावी बाजू

बोर्ली पंचतनच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर सुचिता मॅडमचा रुग्णसेविकांचा वर्ग भरायचा. मॅडम बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा पोरींना हाडांची नावं शिकवलेली बरी, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. सहा महिन्यांत शरीराची ओळख, आजारांचे इंग्रजी शब्द, आणि शेवटी जन्मल्यापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा बदलत जातो तो धडा. पास झालं की मुंबईला नाहीतर आखातात कुणाच्या तरी घरी आजारी माणूस सांभाळायची नोकरी मिळायची.

वर्गात सात मुली आणि एक दादू. दादू म्हणजे पुरुषभर उंचीचा रबरी पुतळा. खिडकीजवळच्या खाटेवर तो चादर पांघरून पडलेला असायचा. रोज सकाळी एका मुलीने त्याची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायची आणि तक्ता भरायचा. तक्त्यावर माणसाची आकृती छापलेली. सूज, वळ, जखम, जे दिसेल त्याची आकृतीवर खूण करायची आणि शेजारी शिकवलेल्या शब्दांत लिहायचं. आता रबराच्या माणसाला काय धाड भरणार आहे? मुली न बघताच 'काही नाही' असं लिहून मोकळ्या व्हायच्या. जुनेरा मात्र दादूचं एकेक बोट हातात घेऊन बघायची, म्हणून बाकीच्या तिला दादूची बायको म्हणत.

जुनेराला पास व्हायचंच होतं. तिचे अब्बा अब्दुस्समद होडीसकट समुद्रात गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. वेण्या घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं भाऊ रय्याननेच केलं. रय्यान स्वतः आखातात जायला निघाला होता, पण मुंबईला मेडिकलमध्ये 'अनफिट' ठरून परत आला. का ते त्याने घरात सांगितलं नाही. तेव्हापासून तो बंदरावर होडी चालवत होता, आणि होडी बांधायच्या जागेवरून सख्ख्या चुलतभावाशी, अफानशी, त्याचं वाजलं होतं. घरात रय्यानची बायको अरिबा, सातवा महिना लागलेली. जुनेराला नोकरी लागली की भावाने ते बंदर सोडावं, एवढंच तिच्या मनात होतं.

एका सोमवारी तपासणीचा नंबर जुनेराचा होता. दादूचा एक हात कोपराखाली वाकलेला दिसला. तिने दाबून पाहिलं. आतून काहीतरी करकरलं. सरावाला बरं म्हणून तिने हाडाच्या शिकवलेल्या इंग्रजी नावासकट लिहिलं, 'डावा हात, अल्ना, फ्रॅक्चर.'

मॅडमनी चष्मा नाकावर घेतला. "जुनं रबर आहे, वाकायचंच. पण हा डावा हात का ग? तू समोर उभी राहून तुझी डावी बाजू लिहिलीस. पेशंटची डावी ती डावी! या एका चुकीपायी चांगला पाय कापून ठेवतात लोक." मुली खिदळल्या. तक्ता तसाच, न सुधारता फाइलमध्ये गेला.

अकराच्या सुमाराला जिन्यावर आरडाओरडा झाला. गावात कुणाला काही लागलं की आधी मॅडमकडेच आणायची पद्धत होती. रय्यानच्या होडीवरचा खलाशी विनेश याला दोघांनी उचलून आणलं होतं. अफानच्या माणसांनी नांगराच्या लोखंडी दांड्याने त्याचा हात मोडला होता. हाड चामडी फाडून बाहेर आलं होतं आणि टोकाला वाळू चिकटली होती. विनेश ओरडून ओरडून घोगरा झाला होता. हात डावा होता.

मॅडम त्याला बांबूची कांब बांधत होत्या. जुनेरा कापूस द्यायचं विसरून दादूकडे बघत राहिली. दादूचा हात सरळ झाला होता.

योगायोग असतात. जुनेरा काही भुताखेतांना घाबरणारी नव्हती. रात्रीची एकटी विहिरीवर जाऊन येणारी मुलगी ती. तरी बुधवारी तिने चादर एकदम न ओढता टोकाला धरून हळूहळू काढली, हे खरं. दादूच्या भुवईवर बोटभर चीर होती, सुरीने मारल्यासारखी नीट. तिने मॅडमना बोलावलं.

"रबर तडकलंय ग. ऊन लागतं तिथं." मॅडम वर्गाकडे वळल्या.

जुनेराला वाटलं, आपण लिहिलंच नाही तर? तिने सगळ्या रकान्यांत 'काही नाही' लिहिलं आणि तक्ता देऊन टाकला.

दुपारी गणराजला आणलं. हाही रय्यानच्याच होडीवरचा. जाळं ओढायच्या चाकाचा दांडा त्याच्या तोंडावर घातला होता, एकदा नव्हे, दमेपर्यंत. जखम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मॅडमनाही सांगता येईना. भुवया कुठे होत्या तेही कळत नव्हतं. त्याचे दात कुणीतरी रुमालात गोळा करून आणले होते आणि ते कुणाकडे द्यावेत हे त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत गणराज गेला. पोलीस आले, अफान पळाला.

घरी रय्यान जेवला नाही. सुरीला धार लावत ओट्यावर बसला.

"भाय, बंदरावर जाव नको," जुनेरा म्हणाली.

"गणराजच्या आयशीला काय सांगू? बहिणीनं घरात बसवला म्हणून?"

"मी सांगतंय म्हणून तरी."

तो हसला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशीच. जुनेराला रडू कोसळलं.

लिहिलं तर जखम लिहिल्याएवढीच राहते. न लिहिली तर तिला हद्दच राहत नाही. रात्रभर विचार करून तिला एवढंच उमगलं होतं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी वर्गात गेली.

दादूच्या छातीवर डावीकडे, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मध्ये, दोन बोटं रुंद भोक होतं. कडा आत वळलेल्या होत्या. आणि त्याच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. उरलेलं टोक गुळगुळीत होतं, जुनी जखम भरून आल्यासारखं. रय्यानची करंगळी तशीच होती. चार वर्षांपूर्वी दोरात सापडून तुटलेली.

तिने फोन लावला. रय्यानने उचलला नाही. पुन्हा लावला. अरिबाला लावला, ती म्हणाली, "ते पहाटेच गेले."

तिने तक्ता पुढ्यात घेतला. 'ओरखडा' लिहावं म्हणून पेन टेकवलं आणि उचललं. खोटं लिहिलेलं न लिहिल्यासारखंच धरलं गेलं तर? तिला गणराजचा चेहरा आठवला. एकच चूक आजवर खपली होती. बाजूची.

डावीकडे हृदय. उजवीकडे नुसतं फुप्फुस. एका फुप्फुसावर माणूस जगतो, मॅडमनीच शिकवलं होतं.

तिने आकृतीच्या उजव्या छातीवर खूण केली. शेजारी लिहिलं, 'उजवी बाजू, चौथी-पाचवी बरगडी, खोल जखम.' दोनदा तपासलं. पेशंटचं उजवं. पेशंटचंच.

दहा वाजता त्याला आणलं.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर रक्त होतं. अफान होड्यांमागे लपून बसला होता म्हणे. रय्यानला सुरी काढायलाही मिळाली नाही. त्याला दादूशेजारच्या बाकावर निजवलं. मॅडमनी शर्ट टराटरा फाडला.

जखम उजवीकडे होती.

"मॅडम, उजवीकडं हाय! फुप्फुस हाय नुसतं! वाचंल ना?" जुनेरा जवळजवळ हसत होती.

मॅडम जखमेवर वाकल्या. जखमेतून रक्त उडत होतं. थांबत होतं, पुन्हा उडत होतं, एका लयीत. त्यांनी जुनेराचा तळवा धरून जखमेवर दाबला. "सोडू नको," एवढंच म्हणाल्या.

तळव्याखाली भावाचं हृदय धडधडत होतं. उजवीकडे.

बोटांमधून कढत रक्त येत राहिलं. ठोके आधी जोरात, मग विसरल्यासारखे. रय्यानने तिच्याकडे पाहिलं. काही म्हणायला तोंड उघडलं तर तोंडातूनही रक्तच आलं.

मग तळव्याखाली काहीच उरलं नाही.

"त्यांचं काळीज उलट्या बाजूला होतं," मयतीनंतर अरिबा म्हणाली. "मेडिकलला तेच निघालं. मला सांगितलं होतं फक्त. लोक हसतील म्हणायचे. वार डावीकडं बसता तर..."

जुनेरा चाळीस दिवस घराबाहेर पडली नाही. चाळिसावा झाला. घरात कमावणारं कुणी नव्हतं, अरिबाचे दिवस भरत आले होते. जुनेरा पुन्हा माडीचा जिना चढली.

मॅडमनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. शेवटचा धडा चालू होता. दादूला गच्चीवर टाकलं होतं आणि खाटेवर नवा पुतळा होता, नवजात बाळाचा, मऊ कापडात गुंडाळलेला.

"आज तू भर," मॅडम म्हणाल्या. "मन रमेल."

जुनेराने कापड सोडलं. डोकं, कान, मान बघितली. मग छातीकडे आली आणि थांबली. बारीकशी चीर होती, नखाएवढी. ती डावीकडे नव्हती आणि उजवीकडेही नव्हती. बरोबर मधोमध होती.

"काही नसेल तर लिही 'काही नाही'," खिडकीजवळून मॅडम म्हणाल्या, "आणि आण इकडे लवकर."