औसा केंद्राचं शून्य

वीरभद्र स्वामी खुर्चीवरून उठले. पंख्याचं बटण बंदच होतं. ते पुन्हा दाबून खात्री केली आणि परत बसले.

"मॅडम, म्या उत्तरं फोडली न्हाईत. पण संध्याकाळपर्यंत कबूल केलं न्हाई तर नोकरी गेली म्हणून समजा."

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या औसा शाखेत ते गणित शिकवत. मोफत तुकडीसाठी मुलांनी घरूनच मोबाइलवर चाचणी दिली होती. औशाच्या बावीसही मुलांना पैकीच्या पैकी गुण!

"गडी घाबरलाय. यानंच केलंय," अमृतराव कुजबुजले. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते खासगी तपासनीस देविका जोशींचे मदतनीस होते.

देविका दोघांना घेऊन क्लासच्या ऑफिसकडे निघाली.

"मुलांना लिंक स्वामींनीच पाठवली," संचालक रेणुकादास म्हणाले. "शिक्षकांची लिंक, मुद्दाम!"

प्रोग्रामर मिहिरने समजावलं, "शिक्षकांच्या लिंकच्या शेवटी 'उत्तर=१' असतं. कोड लिंकमध्ये 'उत्तर' शोधतो. सापडलं की बरोबर पर्याय हिरवा दिसतो. मुलांना पाठवताना तेवढं खोडा, असं सगळ्या शाखांना सांगितलं होतं. बिलोली शाखेनं खोडलं, तिथे काही दिसलं नाही."

देविकाने औशाच्या सुकन्या या विद्यार्थिनीला फोन लावला.

"हिरवं दिसत होतं, तेच दाबलं," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, सराव हाय."

तिने लिंक पाठवली. शेवटी होतं: 'उत्तर=०'.

"शून्य!" अमृतराव ओरडले. "म्हणजे उत्तरं बंद, स्वामी सुटले. चोर मिहिर!"

"मी औशाला हातही लावला नाही, काका!"

"मिहिर," देविका म्हणाली, "शून्याच्या जागी 'गुलाबजाम' लिही बरं."

त्याने लिहिलं. सगळी उत्तरं हिरवीगार.

"तुझा कोड 'उत्तर' हे नाव आहे का, एवढंच बघतो. पुढे काय लिहिलंय ते वाचतच नाही. बिलोलीच्या शिक्षकांनी ते नावच खोडलं, म्हणून तिथे काही दिसलं नाही. पण बंद बटण पुन्हा दाबणारा माणूस जागा रिकामी सोडेल?"

स्वामी ओशाळले. "खोडलं तर उघडं राहील वाटलं. शून्य टाकून पक्कं बंद केलं."

रेणुकादास हसू दाबत म्हणाले, "चाचणी रविवारी पुन्हा. सर, मुलांना तुम्हीच कळवा."

मिहिरने तिथल्या तिथे कोड दुरुस्त केला. सगळे जिना उतरले, तेवढ्यात स्वामी माघारी वळले.

"काय राहिलं, सर?" देविकाने विचारलं.

"काही न्हाई, मॅडम. एकदा गुलाबजाम टाकून बघतो."