नाहीच्या नोंदी

वलवणच्या त्या ऑफिसात खालच्या चिक्कीच्या दुकानातला गुळाचा वास दिवसभर रेंगाळायचा. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या साठ बंगल्यांची कुलपं, दिवे आणि पाण्याचे पंप इथल्या एकाच स्क्रीनवरून चालत. स्क्रीनसमोर इंदिराकाकू बसत. वय छप्पन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मालक मुकुलने फर्मान काढलं होतं: प्रत्येक काम वीस सेकंदांत व्हायला हवं, नाहीतर सोमवारी काकूंचं खातं बंद. म्हणजे नोकरीच बंद.

तळेगावची तमन्ना ती स्क्रीन सोपी करायला आली होती. काकूंची नोकरी वाचवायचीच, असा तिने चंगच बांधला. अक्षरं मोठी केली, सतरा बटणांची पाच केली. तरी घड्याळ सव्वीसवरच थांबायचं. सगळा वेळ खायची ती एक चौकट. कुठलंही बटण दाबा, ती हजर: "खात्री आहे का?" खाली दोन उत्तरं, होय आणि नाही.

चौकट काढण्याआधी तमन्नाने जुन्या नोंदी पाहिल्या. तीन वर्षांत चौकट अकरा हजार वेळा आली होती. "नाही" फक्त नऊ वेळा.

"काकू, 'नाही' कधी दाबलं होतंत?"

"मी कशाला दाबेन गं? ते आपलं आपणच होतं." काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "झालं की मी तिथे फोन करते. एकदा बाहेरून कुलूप लावत होते, तर आत लेकरू झोपलेलं. एकदा गॅस सुटला होता."

"हे मुकुलसरांना सांगितलंत?"

"वेड्यात काढलं असतं मला."

तमन्नाचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. प्रोग्राममध्येच कुठेतरी गडबड असणार. चौकट तिने मुळासकट उपटून टाकली. काकूंचं काम चौदा सेकंदांत झालं, आणि काकू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवून हसल्या. तमन्नाला फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मुकुल हातात घड्याळ धरून मागे उभा राहिला.

"तुंगार्लीच्या बंगल्याचा पंप सुरू करा."

काकूंनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

स्क्रीनवर चौकट आली. जुन्याच बारीक अक्षरांत.

माउसला कुणाचाही हात नव्हता. "नाही" दाबलं गेलं.

काकूंनी मुकुलकडे न बघता फोन लावला. पलीकडे बंगल्याचा माळी नथू धापा टाकत होता.

"बाई, पंप लावू नगा! भागुबाई टाकी घासाया उतरलीया, अन् पंपाची तुटकी वायर पाण्यात पडलीया!"

मुकुलचा चेहरा पांढरा पडला. पण अडेलतट्टू माणूस तो, हट्ट काही सोडेना. "पस्तीस सेकंद लागले," तो म्हणाला. "सोमवारी मी स्वतः खातं बंद करणार."

तो गेला. काकू टेबलाचा खण आवरू लागल्या. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तमन्नाने नोंदी उघडल्या. निदान चौकट आली कुठून ते तरी कळावं.

पंपाची नोंद होती. दहावं "नाही".

त्याखाली अकरावं होतं.

काम: इंदिरा, खातं बंद करणे.

उत्तर: नाही.

वेळ: सोमवार, सकाळी दहा वाजून दोन मिनिटं.