बाबांना न आलेली चक्कर

बाबा उठले... कुणाचाही हात न धरता उठले! वृद्धांच्या केंद्राच्या दारातच ताईची पावलं थिजली.

घरी ती काखेत हात घालून उठवायची, तेव्हा कुठे ते उभे राहत. आणि इथे खुर्चीच्या लांब हातांवर तळवे टेकून ते आपले आपण उठले, ठेंगण्या ओट्यापाशी गेले, शेजारच्या आजोबांना चहा ओतून देताना चक्क हसले! म्हाताऱ्या गुडघ्यांना सोसतील अशा उंच खुर्च्या, बसल्या बसल्या हात पोचेल असा ओटा... सगळं कुणाच्या डोक्यातून निघालेलं? धाकटीच्या!

शिकायला म्हणून घर सोडून गेलेली धाकटी बहीण इमारतींचे नकाशे काढता काढता मोठी झाली आणि आता वृद्धांसाठी हे दिवसभराचं केंद्र उभारून परतली होती. पण आई गेल्यावर बाबांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं ते ताईने! त्यांच्यासाठी नोकरी सोडली, चालून आलेली स्थळं परतवली... आणि बाबा सगळ्यांना सांगत होते, "ही जागा माझ्या धाकटीने बांधलीय बरं का!"

कानामागून आली अन् तिखट झाली! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच तिरीमिरीत तिने केंद्रातल्या मदतनीस मावशींना गाठलं.

"मावशी, बाबांना चक्कर येते हो. एकट्यांना उठू देऊ नका."

धडधडीत खोटं होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा जरा हलले की दोघं धरायला धावू लागले. चहा ओतणं बंद झालं. बाबांचं बोलणंही आटत गेलं आणि एका सकाळी ते म्हणाले, "आज नको जायला. घरीच बरं."

ताई जिंकली होती! पण त्यांना उठवताना तिला ते विलक्षण जड लागले.

संध्याकाळी धाकटी धावतपळत आली. "बाबा, चक्कर येते हे मला का नाही सांगितलंत?"

"येते अधूनमधून," बाबा जमिनीकडे बघत पुटपुटले.

ताई चपापली. धाकटी डॉक्टरांना फोन करायला बाहेर जाताच ती त्यांच्यापुढे मटकन बसली. "बाबा, मी खोटं बोलले होते!"

"ठाऊक आहे गं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"माझ्यापायी तू सगळं सोडलंस, पोरी. मीही उभा राहिलो, तर तुझ्यापाशी काय उरणार? म्हटलं, बसून राहू. माझं काय जातंय!"

ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ज्याला ती आजवर आपला त्याग म्हणत आली, त्याच्या ओझ्याखाली हा जीव मुकाट्याने बसून राहायला निघाला होता!

दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळ्यांदेखत ती म्हणाली, "बाबांना चक्कर येत नाही. धाकटीचं कौतुक मला बघवेना, म्हणून मी..."

पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

तेवढ्यात पलीकडे बाबा उठू लागले. त्यांचा पाय लटपटला तशी धाकटी पुढे झेपावली, पण ताईने तिचा हात घट्ट धरला. "थांब गं... येऊ दे त्यांना."

धाकटीने हात सोडवून घेतला नाही. दोघी बहिणी श्वास रोखून उभ्या राहिल्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, रडणाऱ्या ताईचे डोळे पुसायला बाबा स्वतःच्या पायांनी चालत आले.