टॅब दाबला की

"शाळा सोडून घरी बसलेला मुलगा मला शहाणपण शिकवणार?" आईने बरणीचं झाकण आपटलं. "बंद कर म्हटलं ना ती वेबसाइट! आजच्या आज!"

"नाही करणार. ताईने बनवलीये ती."

"म्हणूनच बंद कर."

मी खुर्चीला लाथ घातली. आई हात पुसत मागे मिठाच्या पोत्यांकडे गेली आणि तिथून आवाजच येईना. रडताना ती आवाज करत नाही.

आमचं दुकान कोरियाच्या किनाऱ्यावर, गोम्सोला, मिठागरांच्या टोकाला, धक्क्याला लागून. खारवलेली कोळंबी, कालवं, माशांची आतडी विकतो. माझी ताई, युन्सुल, गेल्या हिवाळ्यात ओहोटीला चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेली. धुकं उतरलं, मग भरती आली. ताई आली नाही. काहीच सापडलं नाही, गमबूटसुद्धा नाही. आईला वाटतं, सगळं आवरून टाकलं तर ताई सुटेल. मला वाटतं, सगळंच आवरलं तर ती परत येणार कुठे?

दुकानातल्या कॉम्प्युटरवर ताईने एक सोय करून ठेवली होती. वर जिथे वेबसाइटचा पत्ता टाकतात ना, तिथे दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर मारायचं आणि टॅब दाबायचा. मग तिथेच मालाचं नाव टाकलं की थेट आमच्या वेबसाइटच्या आतच शोधलं जातं. आधी पान उघडा, मग त्यातली चौकट शोधा, हे आईला जमायचं नाही. तिच्यासाठीच केलं होतं.

त्या भांडणानंतर एका गिऱ्हाईकाचा फोन आला, कालवं आहेत का म्हणून. मी अक्षर मारलं, टॅब दाबला. पुढे काही टाकायच्या आधीच खाली एक सुचवणी लोंबत होती. क्यू एन एफ, मग एक मोकळी जागा, मग झेड यू.

मला हसूच आलं. आमच्या कीबोर्डवर कोरियन-इंग्रजी बदलायचं एक बटण असतं. ते दाबायला विसरलं की कोरियन शब्द इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उमटतो. सगळ्यांचंच होतं, ताईचं रोज व्हायचं. ती बोटांकडे बघायची, स्क्रीनकडे कधीच नाही. मी चिडवायचो, "ताई, परत परग्रहाची भाषा!" ती म्हणायची, "तुला कळली ना? मग झालं तर."

म्हटलं, तिचंच जुनं काहीतरी राहिलंय. बटण फिरवलं आणि त्याच अक्षरांवर पुन्हा बोटं मारली.

"दिवा लाव."

खारवलेल्या माशांच्या दुकानात असं कोण शोधतं?

मी ब्राउझरचा सगळा इतिहास पुसला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अक्षर, टॅब. क्यू एन एफ, झेड यू. नेटची वायर उपटली. तरी तेच. आणि मग खिडकीकडे लक्ष गेलं. मिठागर दिसत नव्हतं. धुकं उतरलं होतं.

"आई, इकडे ये जरा."

आली. डोळे लाल. त्या अक्षरांकडे बघत कीबोर्डवर एकेक बोट ठेवत गेली.

"तिचंच आहे," ती म्हणाली. "मधे जागा सोडलीये बघ. तू कधी सोडतोस का?"

"अगं, जुनं असेल."

"असेल."

असं म्हणून ती बॅटरीचा कंदील घेऊन गेली आणि धक्क्यावरच्या खांबाला अडकवून आली. वेबसाइट बंद करायचं तिने पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून धुकं पडलं की आई कंदील लावते आणि मी टॅब दाबतो. कंदील लागला की सुचवणी बदलते. एकदा आलं, "थंडी आहे." आईने लोकरीचे मोजे धक्क्यावर ठेवले. सकाळी नव्हते. मी म्हटलं, मांजराने नेले असतील. आई म्हणाली, "मांजराला पाय किती, आणि मोजे किती!" कितीतरी दिवसांनी हसली.

एकदा आलं, "गारम जेवला का?" गारम म्हणजे मी. बटण नीट फिरवून मी लिहिलं, "जेवलो." एंटर मारला. वेबसाइट उघडली आणि म्हणाली, हा माल आमच्याकडे नाही. असला राग आला! माउस भिंतीवर मारला.

मागच्या धुक्यात आलं, "दिसतोय."

आईने त्या दिवशी मटणाचं सूप केलं. ताईचा वाडगा मांडला. मी त्याच्याशेजारी चमचा ठेवला.

आज दुपारपासून समोरचा रस्तासुद्धा दिसत नाहीये. आई कंदील लावायला गेली. ती येईपर्यंत हे लिहून काढावं म्हणून बसलो. कुणाला सांगितलं तर म्हणतील, पोराचं डोकं फिरलं. तिला यायला वेळ लागला. सवयीने मधेच टॅब दाबला.

डी जे ए ए के.

याला बटण फिरवावं लागत नाही. हे सगळ्यांनाच पाठ असतं. "आई."

मग पुढची अक्षरं उमटायला लागली. एकेक करून. कुणीतरी आत्ता, बोटांकडे बघत, टाइप करतंय तशी.

"आई आली."

मी खिडकीशी गेलो. कंदील लागलाय.

पण धक्क्यावर नाही. पार आत, चिखलात. आणि पुढे पुढे चाललाय.

भरतीचा आवाज येतोय. मला आत्ता निघायला हवं.